जोडसायकलचा टायर मागच्या माणसासाठी निवडा

राम राम सर,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकी वाचणाऱ्यांना धागा लागावा म्हणून आधी तो थोडक्यात सांगतो. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक. धाकट्या भावाला दिसत नाही, पण पायात जोर आहे आणि सायकलची हौस आहे. म्हणून पुण्याहून जुनी टँडम, म्हणजे दोघांनी मिळून चालवायची जोडसायकल, आणली. तुम्ही पुढे, तो मागे. चाकं ७०० ची, टायर ७०० बाय २८, म्हणजे २८ मिलिमीटर जाड. महिनाभरात मागचं चाक चारदा बसलं, पुढचं एकदाही नाही, आणि टायरात काटा एकदाही सापडला नाही. गावातला मिस्त्री म्हणतो, २८ बाय दीडचा जाड टायर टाका. मित्र म्हणतो, सरळ दोन इंची टाका. ज्यांच्याकडून सायकल घेतली ते म्हणतात, २८ चाच ठेवा, फक्त हवा वाढवा, नाहीतर सायकल जड चालेल. रोजचा रस्ता एका बाजूने १४ किलोमीटर: थोडा सिमेंटचा, बराचसा जुना उखडलेला डांबरी आणि शेवटी मुरुमाची पांदण. हिवाळ्यात दोघांना चिखलदऱ्याला जायचं आहे.

उत्तर आधी देतो, कारणं नंतर. चौकटीत आणि ब्रेकमध्ये बसत असेल तर ७०० बाय ४० घ्या, दोन्ही चाकांना एकच माप. ४० बसत नसेल तर ३७ किंवा ३५. ३२ ही शेवटची पायरी, तीही सामान न लादता. २८ चा टायर तुमच्या वजनाला आणि तुमच्या रस्त्याला पुरणारच नाही, त्यात कितीही हवा भरा. आणि मिस्त्रीने सांगितलेला टायर मात्र अजिबात टाकू नका. तो तुमच्या रिमवर बसत नाही, चालत्या गाडीत निघेल. त्याचं कारण पुढे सांगतोच.

आधी ते चार पंचर. तुमच्याकडे त्या ट्यूब अजून असतील तर एक काढा, हवा भरा आणि घमेल्यातल्या पाण्यात फिरवत बघा. माझा अंदाज आहे की बुडबुडे एका ठिकाणाहून येणार नाहीत. शेजारी शेजारी दोन ठिकाणांहून येतील, मधे बोटभर अंतर. ट्यूब वाळवून उजेडात धरली की दोन बारीक चिरा समोरासमोर दिसतील, साप चावल्यासारख्या. हा काट्याचा पंचर नाही. चाक खड्ड्याच्या काठावर आपटलं, टायर पार दबून रिमपर्यंत गेला आणि रिमच्या दोन काठांमधे ट्यूब चिमटली. काटा न सापडण्याचं कारण हेच. माझ्या दुकानात अशी ट्यूब आली की मी ठिगळ लावण्याआधी टायरचं माप विचारतो. माप बदललं नाही तर ते ठिगळ आठवडाही टिकत नाही.

आता हे मागच्याच चाकाला का होतं ते बघा. एकटा माणूस सायकलवर खड्डा बघतो, नकळत सीटवरून थोडा उचलतो, हँडल हलकं करतो आणि गुडघे-कोपरांवर दणका घेतो. टँडमवर पुढचा हे सगळं करू शकतो. मागच्याला पुढच्याच्या पाठीपलीकडे काही दिसत नाही. त्याला डोळे असोत वा नसोत, टँडमवर मागे बसणारा प्रत्येक माणूस खड्ड्याच्या बाबतीत आंधळाच असतो. तो पूर्ण वजनाने सीटवर बसलेला असतो आणि त्याची सीट मागच्या चाकाच्या जवळजवळ वरच असते. मी एकदा एका गिऱ्हाइकाच्या टँडमवर मागे बसून आर्वी रोडला पाच किलोमीटर गेलो होतो. चाकं मीच बांधलेली होती. टायर २८ चे, हवा टच्च. पहिल्या खड्ड्यात कंबरेतून जी कळ गेली, तिने मला टायरबद्दल जे शिकवलं ते वीस वर्षांच्या दुकानदारीने शिकवलं नव्हतं. तेव्हापासून माझा नियम एकच आहे: टँडमचा टायर मागच्या माणसासाठी आणि मागच्या चाकासाठी निवडायचा. पुढच्याचं त्यात आपोआप भागतं.

वजनाचा हिशेब मांडू. तुम्ही ७२ किलो, भाऊ ६८, सायकल १९-२० आणि पाणी, डबा, पंप, दप्तर मिळून दहा. झाले १७० किलो. टँडमवर वजन साधारण पुढे ४५ टक्के, मागे ५५ टक्के पडतं. म्हणजे मागच्या चाकावर ९३ किलो, पुढच्यावर ७७. तुम्ही एकटे साध्या सायकलवर बसलात तर मागच्या चाकावर जेमतेम ५० किलो येतात. म्हणजे २८ चा जो टायर एकट्याला छान चालतो, त्याच्यावर आपण जवळजवळ दुप्पट ओझं टाकतो आणि वर तो पंचर होतो म्हणून चिडतो.

टायर ओझ्याखाली थोडा बसायलाच हवा. अजिबात बसला नाही तर दगडासारखा उडतो, फार बसला तर रिमला लागतो. जुना आजमावलेला ठोकताळा असा आहे की वजन पडल्यावर टायरची उंची साधारण १५ टक्के कमी व्हावी. ४० च्या टायरला हे सहा मिलिमीटर होतात, २८ च्या टायरला चारच. या ठोकताळ्याने मागच्या चाकावरच्या ९३ किलोंसाठी हवा काढली तर असं येतं: २८ च्या टायरला सुमारे १५५ पौंड (पंपाच्या काट्यावरचे पीएसआय), ३२ ला १२५, ३७ ला ९८, ४० ला ८५ आणि ४७ ला ६५. आकडे गणिताचे आहेत, पाच-सात पौंड इकडे तिकडे धरा. आता तुमच्या २८ च्या टायरच्या बाजूला काय छापलंय ते वाचा. तिथे कमाल हवा ११५-१२० च्या आसपास असेल. म्हणजे टायरला जेवढी हवा सोसते त्यापेक्षा ३५-४० पौंड जास्त हवा तुमच्या वजनाला लागते. सायकल विकणाऱ्याचा 'हवा वाढवा' हा सल्ला इथेच संपतो, कारण वाढवायला जागाच नाही. ३२ चंही तेच, फक्त तूट कमी. ३७ ला काठावर जमतं. ४० वर येऊन लागणारी हवा आणि टायरची छापील मर्यादा पहिल्यांदा नीट जुळतात. माझं ४० हे उत्तर या हिशेबातून आलेलं आहे.

मग मित्राचं दोन इंची का नको? ४७-५० च्या टायरला हवा कमी लागते, दणका कमी बसतो, हे खरंच आहे. अडचण रिमची आहे. टायर फुगला की त्याची भिंत रिमच्या दोन्ही काठांना बाहेर ओढते, आणि हा ओढा फक्त हवेवर ठरत नाही, हवा गुणिले टायरची जाडी असा ठरतो. २८ च्या टायरात ११५ पौंड आणि ४० च्या टायरात ८५ पौंड, दोन्हींत रिमच्या काठावर दर सेंटिमीटरला साधारण ११ ते १२ किलोंचा ताण येतो. जवळजवळ सारखाच. पण त्याच रिमवर ५० चा टायर चढवून सवयीने ८० पौंड हवा भरली तर ताण १४ किलोंवर जातो. मी हे शिकलो ते एक जुनी रिम गमावून. त्या रिमवर ब्रेकच्या रबराने आधीच खळगा पडलेला होता. एका हौशी जोडप्यासाठी मी दोन इंची टायर टाकून दिला आणि 'टँडम आहे, हवा कडक हवी' म्हणत कॉम्प्रेसरने भरत गेलो. संध्याकाळी दुकानात उभ्या सायकलची रिम वीतभर लांब फाटली, काठ बाहेर वळला, बंदुकीसारखा आवाज झाला. माणूस वर नव्हता हे नशीब. त्यानंतर रिमचे काठ बोटाने चाचपून बघितल्याशिवाय मी जुन्या रिमवर मोठा टायर चढवत नाही. तुम्हीही बघा. ब्रेक जिथे घासतो तिथे बोट खालीवर फिरवा. खोलगट लागलं तर टायरच्या आधी रिम बदला.

रिमची आतली रुंदी हाही एक मुद्दा आहे. टायर काढून दोन काठांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर व्हर्नियरने मोजा. त्या काळच्या टँडमला बहुधा १७ ते १९ मिलिमीटर निघतं. १७ वर २८ पासून ४० पर्यंत निर्धास्त चालतं, ४७ ही चढतो, पण वळणावर डुलतो. टँडमवर डुलणं फार वाईट, कारण मागच्याला तोल सावरायला काही हातात नसतं, आणि तुमच्या भावाला तर पुढे काय येतंय याचा अंदाजही घेता येत नाही. १३-१४ मिलिमीटरची अरुंद रेसची रिम निघाली तर ४० चढवू नका, चाकं नवीन बांधून घ्या. आणखी एक: हल्ली बिनहूकाच्या रिम येतात, म्हणजे आतल्या काठाला टायर धरून ठेवणारी कड नसलेल्या. त्यांना ७२ पौंडांच्या वर हवा चालत नाही. टँडमला ती रिम घेऊच नका.

आता मिस्त्रीचा '२८ बाय दीड'. त्यांचा हेतू चांगला आहे आणि त्यामागे अनुभवही आहे. आपल्याकडच्या काळ्या सायकलला हाच टायर असतो. माझ्या वडिलांच्या दुकानात दूधवाल्यांच्या सायकली यायच्या. दोन बाजूंना दोन कॅन, चाळीस लिटर दूध, वर माणूस. मागच्या चाकाला चाळीस स्पोक, पुढच्याला बत्तीस, आणि टायर हाच, जो मिलिमीटरमध्ये मोजला तर ४० च्या आसपास भरतो. म्हणजे ओझ्याला चाळीसचा टायर लागतो हे आपल्या गावांना आधीपासून माहीत आहे. चूक होते ती '२८' या आकड्याने. तुमच्या टायरवरचे २८ हे मिलिमीटर आहेत, टायरची जाडी. काळ्या सायकलचे २८ हे इंच आहेत, चाकाची उंची. टायरची तार रिमवर जिथे बसते तिथला व्यास काळ्या सायकलला ६३५ मिलिमीटर आणि तुमच्या ७०० ला ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक. तो टायर हाताने सहज चढेल, आणि इतक्या सहज चढतोय हीच वाईट खूण आहे, कारण हवा भरल्यावर तो तितक्याच सहज उतरेल. दुकानात जाल तेव्हा इंचाचं नाव काढूच नका. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेली जोडी वाचा: ४०-६२२. पहिला आकडा जाडी, दुसरा तारेचा व्यास. दुसरा आकडा ६२२ नसेल तर टायर परत द्या. २९ इंची डोंगरी सायकलचा टायरही ६२२ च असतो, म्हणजे अडीअडचणीला तो तुमच्या रिमवर बसेल, पण तो सहसा दोन इंचांच्या पुढचा असतो आणि तुमच्या चौकटीत मावणार नाही. ३५ ते ४० च्या मापाचे टायर शहरी हायब्रीड सायकलींना येतात, ते यवतमाळ-अमरावतीला मिळून जातात.

चौकटीत मावतो का हे पैसे देण्याआधी बघायचं. दुकानदाराकडे सहा मिलिमीटरची अॅलन की मागा. आत्ताचा टायर लावलेला असताना मागच्या दोन दांड्यांमधे सगळ्यात अरुंद जागा कुठली ते शोधा, बहुतेक ती पेडलच्या धुरीच्या मागे लगेच असते. तिथे टायरच्या दोन्ही बाजूंची जागा मोजा. २८ वरून ४० वर गेलात की प्रत्येक बाजूने सहा मिलिमीटर जागा टायर खाईल, वरूनही बारा मिलिमीटर. त्यानंतरही दोन्ही बाजूंना आणि वर ती अॅलन की सरकली पाहिजे. पुढे चिमट्यातही हेच. वजनदार टँडमवर चढात जोर लावताना चौकट आणि चाक दोन्ही थोडे लवतात, म्हणून कागदभर जागा ठेवून चालत नाही. छापील ४० प्रत्यक्षात ३८ ही भरू शकतो आणि ४१ ही. चढवून, हवा भरून, एक रात्र ठेवून सकाळी पुन्हा मोजा. टायर थोडा फुगतोच.

बऱ्याचदा चौकटीत जागा असते पण ब्रेक आड येतो. तुमच्या सायकलला दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या हातांचे ब्रेक असतील, कँटिलिव्हर किंवा व्ही ब्रेक, तर ४० चा प्रश्न येणार नाही. रेसच्या सायकलसारखा वरून मिठी मारणारा ब्रेक असेल तर २८, फार तर ३२ वर गाडी अडते. डिस्क ब्रेक असेल तर एक वेगळी वाट आहे, ५८४ च्या मापाची थोडी लहान चाकं. ५८४ वर ४७ चा टायर चढवला की त्याची बाहेरची उंची ६२२ वर २८ च्या टायराएवढीच येते, सायकल खाली बसत नाही. खर्च मोठा आहे आणि बाजूची जागा तरीही मोजावी लागते.

आता आपले रस्ते. नवीन सिमेंट रोड झाले आणि लोक म्हणतात आता बारीक टायर चालेल. पट्टी गुळगुळीत आहे, कबूल. पण दोन पट्ट्यांच्या मधे लांबवर गेलेली भेग असते, काही ठिकाणी तिच्यात २८ चं चाक आरामात अडकतं. त्याहून वाईट तो सिमेंटच्या कडेचा काठ. समोरून एस.टी. आणि मागून ट्रक आला की सायकलवाल्याने खाली उतरायचं ही आपल्याकडची रीत, आणि मुरुमाची साइडपट्टी पावसाने धुऊन चार बोटं खाली गेलेली. एकटा उतरतो, चढतो. टँडम लांब असते, पुढचं चाक उतरल्यावर मागचं आपल्या वेळेने दणकन उतरतं, आणि परत वर घेताना टायरची बाजू त्या काठावर घासत चढते. ४० चा टायर इथे वाचवतो. तरी एक सवय लावा: खाली उतरायच्या आधी भावाला मोठ्याने सांगा, 'उतरतोय', 'खड्डा', 'गतिरोधक'. शब्द ठरवून घ्या. त्याला तेवढाच क्षण मिळाला तरी तो पेडलवर उभा राहील, आणि मागच्या चाकावरचा दणका अर्ध्यावर येईल. अंध खेळाडूंच्या शर्यती टँडमवरच होतात, पुढे डोळस पायलट असतो, आणि त्यांच्यातही हे बोलणं सतत चालू असतं.

मुरुमाची पांदण कोरडी असताना ४० ला काही अडचण नाही. पावसाळ्यात तीच पांदण काळ्या रानातून जात असेल तर मात्र कोणताच टायर कामाचा नाही. कपाशीची काळी माती ओली झाली की टायरला लिंपल्यासारखी धरते, वीस हातांवर ती दांड्यांना लागते, चाक फिरेनासं होतं. इथे रुंद टायर उलट लवकर अडकतो, कारण बाजूची मोकळी जागा त्यानेच खाल्लेली असते. रोहिणी-मृगाचा पाऊस पडला की मडगार्ड काढून ठेवा, नाहीतर माती त्यात ठासून भरते. ओल्या दिवसात पांदण चालत पार करा, एकाने हँडल धरायचं, दुसऱ्याने कॅरिअर, आणि बाभळीची एक काडी जवळ ठेवायची चाक खरडायला. चिखलासाठी टायर निवडू नका. वर्षातले आठ-नऊ महिने जो रस्ता असतो त्यासाठी निवडा.

काट्यांसाठी रुंदी बघू नका, टायरची जात बघा. उन्हाळ्याच्या शेवटी शेतकरी कुंपणासाठी बाभळीच्या, बोरीच्या काट्या बैलगाडीवर ओढून नेतात, त्यांचे काटे रस्ताभर सांडतात. दिवाळीनंतर सराटे. या दोन मोसमांत तळाखाली रबराचा जाड पट्टा असलेला टायर घेतला तरच निभाव लागतो. तो थोडा जड असतो, तरी तोच घ्या. घरी आल्यावर चाक हळू फिरवून टायरवरून जाड कापड फिरवायचं, अर्धवट रुतलेला काटा तिथेच अडकतो आणि निघतो. हे काम भावाला द्या, त्याचं बोट तुमच्या डोळ्यांपेक्षा लवकर काटा शोधेल.

'जड चालेल' या भीतीबद्दल. दोन्ही टायर मिळून अर्धा-पाऊण किलो वाढेल. १७० किलोंत ते जाणवणार नाही. गुळगुळीत रस्त्यावर ४० चा चांगला टायर बरोबर हवेत २८ च्या मागे पडत नाही, आणि आपल्या उखडलेल्या डांबरावर तर पुढे जातो. कारण कडक टायर प्रत्येक गिट्टीवर सायकलला वर फेकतो, आणि वर फेकलेलं ते दोन माणसांचं वजन पुन्हा खाली येताना तुमच्या पायांची मेहनत अंगातच जिरते. संध्याकाळी कंबर दुखते ती हीच वाया गेलेली मेहनत. टायर जड वाटतो तो बहुतेक वेळा जाड भिंतीच्या स्वस्त टायरमुळे. ४० घ्या, पण भिंत चिमटीत दाबून बघा, ती लवचिक हवी. खोल गुटके असलेला टायर घेऊ नका, डांबरावर तो खरंच ओढतो. बारीक नक्षी पुरे.

ऊन विसरू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि उन्हात उभ्या सायकलचा काळा टायर त्याहून कितीतरी तापतो. पहाटे २५ अंशांना ८० पौंड भरलेला टायर ६० अंशांपर्यंत तापला तर आतली हवा ९० च्या पुढे जाते. पहाटेच मर्यादेला टेकवून भरली असेल तर दुपारी शाळेच्या आवारात ट्यूब फुटू शकते. उन्हाळ्यात पाच-सात पौंड कमी भरा आणि सायकल कडुनिंबाखाली लावा. ४० च्या टायरात ही सवलत घेता येते, २८ मध्ये ती घ्यायला जागाच नसते.

चिखलदऱ्याबद्दल थोडं वेगळं बोलायचं आहे. परतवाड्याहून वर जाताना काही अडचण नाही, हळूहळू चढाल. भीती उतरताना आहे. सुमारे ७०० मीटर उतरायचे, १७० किलो घेऊन. ही सगळी शक्ती ब्रेकने खाल्ली तर तीस अंशांचं चार लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता होते. काही भाग वाऱ्यात जातो, पण वळणं घेत हळू उतरताना बराचसा रिममध्येच उतरतो. रबराचे ब्रेक रिमवर दाबून धरले तर रिम हात लावता येणार नाही इतकी तापते, ट्यूबमधली हवा वाढते, आणि घाटात पुढचा टायर निघणं म्हणजे काय ते सांगायला नको. टँडमला म्हणूनच मागे वेगळा ड्रम ब्रेक किंवा मोठी डिस्क असते. तुमच्या सायकलला यातलं काही नसेल तर ते लावल्याशिवाय तो घाट उतरू नका. तोवर सेवाग्राम-पवनारकडे जा, तिकडचा रस्ता टँडमला मानवतो. रुंद टायरने घाटात एवढाच फायदा होतो की सुरुवातीची हवा मर्यादेपासून खाली असते.

व्हॉल्व्हचं एक. तुमच्या रिमला बहुधा बारीक तोंडाचा व्हॉल्व्ह असेल, साडेसहा मिलिमीटरच्या भोकाचा. गावात मोटरसायकलच्या पंचरवाल्याकडे त्यात हवा भरता येत नाही. दोन पितळी अडॅप्टर घेऊन एक पंपाला आणि एक दप्तरात ठेवा. कॉम्प्रेसरने भरताना थांबत थांबत भरा, सायकलच्या ट्यूबला एक-दोन सेकंद पुरतात. ट्यूबही ३५ ते ४३ च्या मापाची वेगळी घ्या. २८ ची जुनी ट्यूब ४० मध्ये ताणली की पातळ होते. आणि रिमच्या आत रबरी पट्टी असेल तर ती काढून कापडी लावा. इतक्या हवेत रबरी पट्टी स्पोकच्या भोकात दबते आणि ट्यूब आतून फाटते.

आता हवा नेमकी किती, हे गणितावर सोडू नका. मागच्या चाकाला ८०, पुढच्याला ६८-७० पौंड भरा. सायकल भिंतीला धरून सपाट फरशीवर उभी करा. एका विद्यार्थ्याला मागच्या चाकाशेजारी खाली बसवून मागच्या रिमच्या खालच्या काठापासून फरशीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजायला सांगा. मग तुम्ही दोघे चढून नेहमीसारखे बसा आणि तो पुन्हा मोजेल. फरक सहा मिलिमीटर आला तर बरोबर. आठ-नऊ आला तर पाच पौंड वाढवा, चारच आला तर पाच पौंड कमी करा. मग तुमच्या रस्त्यावरून जा आणि परतल्यावर भावाला विचारा. तो 'रिमला लागलं' म्हणाला तर थोडी वाढवा, 'पाठीत बसतंय' म्हणाला तर थोडी कमी करा. दोन-तीन फेऱ्यांत आकडा सापडतो. तो पांढऱ्या पेंटने चौकटीच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, आणि दर चार-पाच दिवसांनी पंपाच्या काट्यावर बघून तेवढा करून घ्या.

चौकटीतली ती मागची अरुंद जागा, रिमची आतली रुंदी आणि ब्रेकचा प्रकार, एवढी तीन मापं कळवलीत तर ४० की ३७ हे मी तुम्हाला पक्कं सांगतो.